सात नंबरचा पडदा

१

निकाल टाइप होऊन तयार होता. चौकशी तेवढी व्हायची बाकी होती.

"मॅडम, तुमचा वेळ वाचावा म्हणून," असं म्हणत प्लांट मॅनेजर बोरस्ते साहेबांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. खिडकीबाहेर कालच्या सव्वीस जानेवारीच्या पताका अजून लोंबत होत्या. त्यांच्याखाली उभं राहून साहेबांनी काल कामगारांना सुरक्षिततेची शपथ दिली होती म्हणे. त्याचा फोटोही टेबलावर मला दिसेल असा ठेवला होता.

मी ललिता धात्रक, वकील, वय एकसष्ट. कारखान्यातून कामगाराला काढायचं तर आधी चौकशी करावी लागते, आणि ती बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायची पद्धत आहे. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी. मॅनेजर मंडळींच्या मते यात अवघड काही नाही. यायचं, चहा प्यायचा, सही ठोकायची. माझे काही वकीलबंधू हे बिनबोभाट करतात आणि त्यांच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा दुप्पट लांब आहेत.

फाइलमधली हकिगत अशी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली ही 'दुर्वांकुर स्टॅम्पिंग', पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या आठ प्रेस. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे प्रकाशाचे किरण. त्याला सगळे 'पडदा' म्हणतात. पडद्यात बोट जरी गेलं, तरी प्रेस जागच्या जागी थांबते. बारा तारखेला सात नंबरच्या प्रेसवर निसार शेख काम करत होता. त्याचा हात आत असताना प्रेस खाली आली आणि थांबली नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

थांबली नाही, कारण सात नंबरच्या संगणकात पडदा 'बायपास' केलेला होता. म्हणजे पडदा ओरडला तरी ऐकू नकोस, असं प्रेसला सांगून ठेवलेलं होतं. आणि संगणकाच्या नोंदीत तसं सांगणाऱ्याचं नाव होतं निसार.

"जास्त माल काढायचा लोभ, दुसरं काय," बोरस्ते म्हणाले.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आरोप सिद्ध. बडतर्फ करण्यात यावे.' खाली माझ्या सहीसाठी रेघ. आरोप सिद्ध झाला नाही असं लिहायला त्या पानावर जागाच ठेवली नव्हती. मी सही केली असती तर निसारची बावीस वर्षांची नोकरी गेली असतीच, वर स्वतःच्या हावेपायी बोटं घालवणारा माणूस म्हणून अंबडमधल्या एकाही गेटाने त्याला आत घेतलं नसतं.

मी पेनाला टोपण लावलं. "आधी माणूस बघते," मी म्हटलं. बोरस्ते साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यांनी घड्याळ पाहिलं.

२

ऑफिसातली क्लार्क चहाची वही घेऊन आली. तिशीतली, सडपातळ, सावध डोळ्यांची. नाव दीपमाला गावित.

"मॅडम, साखर?"

"नको. अजिबात नको."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. दहा मिनिटांनी चहा आला तो निव्वळ पाक. मी एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. टेबलावर पडलेल्या तिच्या वहीत माझ्या नावापुढे '२' लिहिलेलं होतं. नको म्हटल्यावर दोन चमचे! पोरीचं लक्ष कुठे असतं, असं मनात म्हणून मी तिच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे बनवून टाकलं.

"सॉरी मॅडम, कॅन्टीनवाला आजच नवीन आलाय," ती पुटपुटली आणि कप घेऊन पळाली.

निसार आला तो उजवा हात पोटाशी धरून. पन्नाशीचा, वडाळा गावातला, इस्त्रीचा शर्ट. बायको रेहानाने बटणं लावून दिली असणार, कारण एकेक बटण अगदी नीट होतं.

"पडदा तुम्ही बंद केलात?"

"नाही मॅडम, अल्लाकसम. बावीस साल झाले. एक बार पण नाही केला."

"मग हात आत असताना प्रेस चालवलीत कशाला?"

"चालवली नाही मॅडम. पत्रा अडकला होता, तो हाताने काढत होतो. पाय सरकून पॅडलवर पडला. बावीस सालात असं दहा वेळा झालं असेल. दहाही वेळा प्रेस थांबली. अकराव्या वेळी नाही थांबली."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी फाइलमधला पुराव्याचा कागद उचलला.

"नोंद तुमच्या नावाने आहे."

"नावाचं काय घेऊन बसलात? पासवर्ड तर मॉनिटरलाच चिकटवलेला असतो, सगळ्यांचा. आणि ते सेटिंग बिटिंग सगळं इंग्लिशमध्ये. मला उघडता पण येत नाही."

"त्या आधीच्या दिवसांत प्रेसमध्ये काही वेगळं जाणवलं?"

त्याने विचार केला. "प्रेस नाही. ती पिपाणी. प्रेस चालू केली की एकदा पीं करायची, पडद्यात काही गेलं की परत. नवीन कॉम्प्युटर आले तेव्हापासून गप्प. माझीच नाही, आठही. निमसेमामांना बोललो, तर म्हणाले नवीन कॉम्प्युटर शांतच असतात."

मी लिहून घेतलं आणि पुराव्याचा कागद पुन्हा उचलला. 'वापरणारा: निसार. पडदा बायपास: ट्रू.' ट्रू म्हणजे होय. कागद फाइलमधल्या बाकीच्या कागदांपेक्षा इंचभर आखूड होता. वरची कड कुणीतरी कात्रीने कापली होती.

३

सुपरवायझर गेणू निमसे हा मखमलाबादचा गडी. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा.

"मामा, पडद्याची तपासणी कोण करतं?"

"मीच की. रोज सकाळी. आठी प्रेसची. हे बघा रजिस्टर, एक दिस चुकला नाय." त्याने अभिमानाने रजिस्टर उघडलं.

खरंच एक दिवस चुकला नव्हता. एकाच पेनाने, एकाच झोकात मारलेल्या बरोबरच्या खुणा, ओळीने. अपघाताच्या बारा तारखेलाही सात नंबरपुढे खूण होती. आज सत्तावीस तारीख, आणि खुणा एकतीसपर्यंत मारून झाल्या होत्या.

"एकतीस तारखेला प्रेस कशी चालणार आहे, हे आजच कळलं होय तुम्हाला?"

मिशी खाली आली. "मॅडम, लय काम असतं सकाळी. सगळेच आसं करत्यात."

या देशात माणसं मरतात ती यंत्रांमुळे कमी आणि असल्या रजिस्टरांमुळे जास्त. मी ते रजिस्टर ताब्यात घेतलं.

मग सात नंबरच्या संगणकावरून तीच नोंद मी नव्याने छापून घेतली. यावेळी कागद पूर्ण निघाला. वर तारीख होती चार जानेवारी, सकाळी अकरा चाळीस. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चार तारखेला रविवार होता आणि कारखाना बंद होता.

म्हणून ती कड कापली होती तर! ज्याने कापली त्याची अक्कलही इंचभरच असावी, कारण गेटवरचं रजिस्टर कापायचं तो विसरला होता. वॉचमनने ते मुकाट्याने दिलं. चार तारखेला दोनच माणसं आत आली होती. एक रुद्र सोमवंशी, सॉफ्टवेअरवाला. दुसरी सही मी तासाभरापूर्वीच पाहिली होती, चहाच्या वहीच्या मुखपृष्ठावर.

४

"मॅडम, माझी नोकरी जाईल," दीपमाला बसायच्या आधीच म्हणाली.

"खरं सांगितलंस तर कदाचित नाही. खोटं सांगितलंस तर नक्की. बस."

ती बसली. मग सगळं भडाभडा सांगितलं. आठही प्रेसचे संगणक नवीन आले होते. संगणक आणि पडदा यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम दुभाष्यासारखा बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो रुद्रने लिहिलेला. नव्या संगणकांत त्याची सगळी सेटिंग्ज पुन्हा भरायची होती. प्रत्येक प्रेसला वीस रकाने, उत्तर हो किंवा नाही. हे काम रुद्रचं. पण या रुद्रसाहेबांना कंटाळा आला. त्याने छापील यादी हिच्या हातात दिली, 'बघून बघून भर' म्हणाला आणि कानात गाणी घालून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

"प्रत्येक प्रेसवर त्या-त्या माणसाचा पासवर्ड टाकून मी भरत गेले. म्हणून निसारभाईंचं नाव आलं."

"अपघात झाल्यावर हे बोलली का नाहीस?"

"बोलले. बोरस्ते साहेबांना. ते म्हणाले, गप्प बस, नाहीतर तूच आत जाशील." तिचे डोळे भरले. "पण मॅडम, मी चुकले नाही हो. यादीत 'पडदा बायपास' पुढे नाही होतं. 'पिपाणी बंद' पुढे पण नाही. मी आठही ठिकाणी नाहीच भरलं. शपथेवर सांगते."

नाही भरलं आणि संगणकाने होय लिहून ठेवलं? ती खोटं बोलत असेल, तर निसार सुटत होता आणि ही अडकत होती. खरं बोलत असेल, तर संगणक खोटा होता. मला डोळ्यांपुढे एकदम तो पाकासारखा चहा दिसला.

"दीपमाला, मगाशी मला साखर नको होती. वहीत काय लिहिलंस?"

"दोन."

"दोन चमचे?"

"नाही मॅडम! दोन म्हणजे नाही. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जुन्या कॅन्टीनवाल्याला माहीत होतं."

मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला पटलं नाही, म्हणून ती समजावू लागली. इथे यायच्या आधी ती आठ वर्षं सर्वेक्षणाचे फॉर्म भरायची, तिच्याच सुरगाणा तालुक्यात, जीप जाईल तिथपर्यंत जीपने आणि पुढे पायी. घरात संडास आहे का, वीज आहे का, लस दिली का. प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकोन. होय असेल तर एक, नाही असेल तर दोन.

"आणि शून्य?"

"शून्य म्हणजे घर बंद. दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षांच्या कामाला निघून जातो ना, घरांना कुलपं. शून्य लिहिलं की साहेब परत तोच डोंगर चढायला लावायचे. म्हणून चुकूनसुद्धा शून्य लिहायचं नाही, असं हातालाच लागलंय."

आठ वर्षांची सवय. आणि सकाळी मी या मुलीला बेफिकीर ठरवून मोकळी झाले होते! माझी मलाच लाज वाटली.

"त्या रविवारी 'नाही'च्या जागी काय टाकलंस?"

"दोनच," दीपमाला म्हणाली. "संगणकाने काही कुरकुर केली नाही. घेतलं त्याने."

५

रुद्र सोमवंशी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या देत अर्धा तास उशिरा आला. वय सत्तावीस, इयरफोन गळ्यात, तोंडात दर दोन वाक्यांनी 'बेसिकली'.

"मॅडम, बेसिकली हे बूलियन असतं. ट्रू ऑर फॉल्स. तुम्हाला टेक्निकल नाही कळणार."

"बरोबर. मला फार कमी कळतं," मी म्हटलं. अशा माणसांना हे ऐकायला फार आवडतं. "शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे होय, एवढंच ना?"

"एक्झॅक्टली."

"आणि कुणी दोन टाकलं तर?"

त्याचा हात इयरफोनपाशी गेला. क्षणभरच. "नाही घेणार. ड्रायव्हर चेक करतो. शून्य किंवा एक सोडून काहीही टाकलं की रिजेक्ट. चला, दाखवतो."

त्याने मला सात नंबरवर नेलं. सेटिंगचं पान उघडलं, बायपासच्या चौकोनात दोन टाकलं, ओके दाबलं. संगणकाच्या स्क्रीनवर लाल चौकट आली, 'फक्त ० किंवा १ भरा.' त्याने तीन टाकलं, तीच चौकट. 'नाही' असा शब्द टाकला, तरी तीच. मग माझ्याकडे वळून तो ज्या नजरेने हसला, ती नजर मी अनेक न्यायाधीशांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

"बेसिकली युजर एरर आहे, मॅडम. कुणीतरी एक टाकलं. निसार म्हणा, ती गावित म्हणा. ड्रायव्हर क्लीन आहे."

बोरस्ते साहेब मागेच उभे होते. "झालं ना समाधान? आता सही?"

माझ्या तर्काचा पार बोऱ्या वाजला होता. दीपमाला दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

६

तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माणसं जागेवर गेली आणि प्रेस सुरू झाल्या, एक, दोन, तीन. मी सात नंबरपाशीच उभी होते. त्या प्रेसवर आता दुसरा माणूस होता. त्याने बटण दाबलं आणि पीं करून पिपाणी वाजली.

आठ नंबर सुरू झाली. आवाज नाही. मी उभ्या ओळीवरून कान फिरवला. आठ प्रेस सुरू झाल्या होत्या आणि पिपाणी एकाच प्रेसची वाजली होती.

"प्रेस थांबवा," मी म्हणाले.

"मॅडम, डिस्पॅच आहे आज," बोरस्ते म्हणाले.

"सगळ्या थांबवा म्हणते ना! मामा, ऐकू येतंय का?" माझा आवाज कोर्टात कमावलेला आहे. गेणूमामांनी न विचारता मेन स्विच पाडला आणि कारखाना गप्प झाला.

सफाईवाल्या वत्सलाबाई कोपऱ्यात लांब दांड्याचा झाडू घेऊन उभ्या होत्या. मी तो मागून घेतला. पाच नंबरवरच्या माणसाला बाजूला केलं, फक्त तेवढी प्रेस सुरू करायला लावली, दांडा लांबून पडद्याच्या बरोबर मधोमध आत धरला आणि म्हटलं, "मामा, पॅडल."

"थांबंल ना ती," गेणूमामा म्हणाले. "पडदा चालू हाय. हिरवा दिवा बघा की."

"तुमच्या रजिस्टरातही तसंच लिहिलंय. दाबा."

त्यांनी दाबलं. हिरवा दिवा लागलेलाच होता. प्रेस खाली आली, कुठेही न थांबता, आणि वर गेली. माझ्या हातात अर्धा दांडा राहिला.

मग वत्सलाबाई म्हणाल्या, "माजा झाडू!" आणि पाच नंबरवरचा माणूस मटकन खाली बसला. सकाळपासून तो त्याच तोंडात हात घालत होता. आम्ही पुठ्ठे घेऊन एकेक प्रेस तपासली. सात नंबर तेवढी थांबली. बाकी सातही प्रेसनी पुठ्ठा चिरडला.

"आयला," गेणूमामा हलक्या आवाजात म्हणाले, "रोज सह्या केल्यात मी ह्याच्यावर." त्यांनी टोपी काढली आणि हातात चुरगाळत उभे राहिले.

मी पाच नंबरच्या संगणकावर बसले. "दीपमाला, इकडे ये. जसं त्या रविवारी भरलंस, तसं भर." तिने बायपासच्या चौकोनात दोन टाकलं आणि ओके दाबलं. लाल चौकट आली नाही. पान मुकाट्याने बंद झालं. मी तेच पान पुन्हा उघडलं, तर चौकोनात दोन नव्हतं. तिथे एक होतं.

मग ड्रायव्हरची माहिती असते ते पान उघडून त्याची तारीख पाहिली आणि चालत जाऊन सात नंबरवरचीही पाहिली. पाच नंबरवरचा ड्रायव्हर गेल्या सप्टेंबरचा होता. सात नंबरवरचा चौदा जानेवारीचा. मी मागे वळले, तर रुद्र गेटाकडे निघाला होता.

"वॉचमन," मी ओरडले, "गेट लाव."

७

बोरस्ते साहेबांच्या केबिनमध्ये मी सगळ्यांना बसवलं. साहेबांची खुर्ची मी घेतली. निसार दाराशी उभा राहणार होता, त्याला माझ्या शेजारी बसवलं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "टेक्निकल न कळणाऱ्या बाईलाही समजेल इतकं. रुद्रने ड्रायव्हर लिहिताना एकच विचार केला. शून्य असेल तर नाही, आणि शून्य नसेल तर होय. दोन, सत्तावीस, काहीही, सगळं होय. चौकोनात भलतंच आलं तर 'हे मला कळलं नाही' असं विचारायची दोन ओळींची तपासणी त्याने लिहिली नाही. शून्य-एक सोडून माणूस काही लिहीलच कशाला, असं त्याला वाटलं. त्याच्या जगात सगळे त्याच्यासारखेच असतात. दीपमालाने आठ वेळा नाही लिहिलं, तिला शिकवलेल्या पद्धतीने. ड्रायव्हरने आठ वेळा होय समजून घेतलं आणि तिने लिहिलेला दोन पुसून तिथे एक ठेवून दिला. त्याच झटक्यात पिपाण्याही बंद झाल्या. चार तारखेपासून या कारखान्यात एकही पडदा चालू नव्हता."

"हा तुमचा अंदाज," बोरस्ते म्हणाले. "सात नंबर दोन घेत नाही, तुम्ही स्वतः पाहिलंत."

"तिथेच तर तुम्ही सापडलात. सात नंबरचा ड्रायव्हर अपघातानंतर दोन दिवसांनी बदलला. आणि बदललं काय? नेमकी तीच तपासणी घातली. चूक निसारने केली असती, तर ड्रायव्हर कशाला दुरुस्त करायचा? दोन टाकल्याने घात झाला हे ज्याला चौदा तारखेलाच कळलं होतं, त्यानेच ती लाल चौकट लिहिली." मी रुद्रकडे वळले. "चौकशीत मी सात नंबरच बघणार, म्हणून सात नंबर साफ केलीस. बाकीच्या सात प्रेस?"

रुद्रच्या तोंडातून 'बेसिकली' निघेना. "मी... मी साहेबांना म्हटलं होतं. आठही ठिकाणी टाकू या. साहेब म्हणाले, सगळ्या प्रेस थांबवल्या तर लोक विचारतील का थांबवल्या. म्हणाले, चौकशी होऊन जाऊ दे, मग बघू. कागदावरची तारीखही त्यांनीच कापली."

म्हणजे तेरा दिवस या दोघांना माहीत होतं. तेरा दिवस सात माणसं त्या तोंडांत हात घालत होती आणि हे दोघं वर एसीत बसून माझ्या सहीची वाट बघत होते. काल झेंड्याखाली शपथ देताना समोर तीच सात माणसं उभी होती. मी बत्तीस वर्षांत चोर पाहिले, खुनी पाहिले. इतकी किळस क्वचितच आली.

बोरस्ते साहेब मात्र अजून हिशेबातच होते. "ठीक आहे. मग दोषी ही गावित. दोन हिने टाकलं ना? हिच्यावर आरोपपत्र काढू. निसार सुटला, तुम्हीही खूश."

दीपमालाने मान खाली घातली. तिच्या आधी निसार बोलला.

"साहेब, त्या पोरीने नाही लिहिलं होतं." त्याने पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला. "आठ वेळा लिहिलं. तुमच्या मशीनला समजलं नाही, हा तिचा गुन्हा? आणि तुम्हाला समजलं होतं ना? तुम्ही काय केलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, विषय फक्त निसारचा आहे. तुम्हाला हो किंवा नाही एवढंच लिहायचंय."

"लिहिते की," मी म्हणाले. टाइप केलेल्या निकालावर आडवी रेघ मारली, पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर हाताने लिहायला घेतलं. आरोप सिद्ध नाही, का नाही, तारीख कुणी कापली, कुणाला काय आणि कधीपासून माहीत होतं. साडेतीन पानं झाली. रुद्रने सही केली, गेणूमामांनी केली, दीपमालाने केली. निसारने डाव्या हाताने केली. त्याला वेळ लागला, आणि तोवर कुणी उठलं नाही. साहेबांनी सही करायला नकार दिला, तोही मी लिहून घेतला. एक प्रत कंपनीच्या मालकांना, एक युनियनला आणि एक थेट फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे. ती मी स्वतः नेऊन दिली.

८

नऊ दिवस प्रेस बंद राहिल्या. बोरस्ते साहेबांनी आजाराची रजा टाकली. त्यांना कसला आजार झाला, हे इन्स्पेक्टरसाहेब सध्या तपासत आहेत. रुद्रच्या कंपनीने आठही ड्रायव्हर बदलून दिले आणि सोबत एक पत्र पाठवलं, त्यात 'दिलगिरी' हा शब्द सोडून सगळं होतं.

दहाव्या दिवशी मी कागद परत करायला गेले. दीपमाला वही घेऊन आली.

"साखर, मॅडम?"

"नको."

तिने पेन टेकवलं, थांबली आणि अक्षरात लिहिलं, 'नको'. मग लाजून हसली.

आठ वाजत होते. खाली लोक प्रेसपाशी उभे होते, पण कुणी बटण दाबत नव्हतं. निसार एक नंबरपाशी उभा होता. त्याला आता प्रेसवर बसता येत नाही. मालकांनी त्याला पडद्यांची तपासणी दिली होती. डाव्या हातात वत्सलाबाईंचा नवा झाडू, शेजारी गेणूमामा रजिस्टर घेऊन. त्या पानावर अजून एकही खूण नव्हती.

निसारने दांडा पडद्यात घातला. "मामा, पॅडल."

मामांनी दाबलं. प्रेस हलली आणि निम्म्यावर, दांड्याच्या वीतभर वर, थांबली. पीं करून पिपाणी वाजली.

"आता मारा खूण," निसार म्हणाला, आणि दांडा घेऊन दोन नंबरकडे गेला.